नानांच्या डोळ्यातला धूर

दुपारी बार उडायचे तेव्हा माझी माय भाकर थापायची थांबायची. विहिरीचं काम गावापासून लांब असलं तरी सुरुंगाचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. हातात पिठाचा गोळा तसाच धरून ती दाराकडं बघत बसायची. तव्यावरची भाकर करपायची. आवाज थांबल्यावरही ती लगेच हलायची नाही. थोडा वेळ गेला, कुणी पळत आलं नाही, म्हणजे माणसं बराबर हायेत असा तिचा हिशोब होता. मग ती गोळा परातीत टाकायची आणि आमच्यावर ओरडायला लागायची. ती ओरडली की आम्हा भावंडांना बरं वाटायचं.

आम्हाला जमीन नव्हती. घनसावंगी आणि कुंभार पिंपळगावच्या मधल्या पट्ट्यात ज्यांना जमिनी होत्या त्यांच्या विहिरी खोदायच्या, हे आमच्या वस्तीतल्या पाच-सहा घरांचं काम. दिवाळी झाली की टोळी बाहेर पडायची ती मृगापर्यंत. काम लांब असलं की आम्हीही मालकाच्या शेतात जाऊन राहायचो, आणि शाळा बुडायची. विहीर खोदायला आमची माणसं चालायची. पाणी लागल्यावर मात्र काही ठिकाणी काठावर जायला विचारावं लागायचं. हे मी कुणाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तसं होतं, म्हणून लिहितो. त्या वस्तीतून कॉलेजात जाऊन बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि याचा मला अभिमान आहे. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या टोळीचे मुकादम म्हणजे लिंबाजीनाना. आमच्या घराला लागून त्यांचं घर. नात्यानं कुणी नव्हते, पण माझ्या बापाचं आणि त्यांचं नातं कुठल्याही भावकीपेक्षा घट्ट होतं, आणि त्याला कारण होतं काम. विहिरीच्या तळाशी दगडात भोकं पाडायची, त्यांत सुरुंगाचे तोटे ठासायचे, प्रत्येकाला वात लावायची. सगळी माणसं वर निघाली की नाना एकटे खाली राहायचे. वाती पेटवायचे ते नाना. मग लोखंडी डोलात पाय टाकून दोराला एक हिसका द्यायचे. वर काठावर, दोर गुंडाळून डोल वर ओढणाऱ्या यारीच्या मशीनपाशी माझा बाप एकटा उभा असायचा. हिसका बसला की तो यारी ओढायचा. खाली वाती जळताहेत आणि वर येणारा माणूस दुसऱ्याच्या हातात. असं दोघांनी वीस-बावीस वर्षं केलं.

नाना उंच, वाळलेले, कपाळावर दगडाच्या कपरीची जुनी खूण. विडी ओढायचे नाहीत, पण वाती पेटवायला विडीच लागायची. बाप ती पेटवून द्यायचा आणि नाना ती उदबत्तीसारखी बोटात धरून खाली उतरायचे. नाना खाली असताना काठावरून कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, हा त्यांचा कायदा. हाक ऐकली की माणूस मान वळवतो, आणि तिथं मान वळवायला वेळ नसतो. नवीन पोरगं एकदा सोबत्याला सहज ‘ए सुदाम’ म्हणालं तर वर आल्यावर नानांनी त्याला काही शिवी दिली नाही. त्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “जाय गड्या घरी. उद्या ये. आज तुझं तोंड मोकळं हाय.”

वर आले की नाना दोन्ही हात तोंडाशी धरून “बार हाय होऽऽ, सरका” अशी आरोळी द्यायचे, बांधाआड बसायचे, विहिरीकडं पाठ करायचे, मान पूर्ण फिरवायचे आणि तोंड उघडं ठेवायचे. तोंड उघडं ठेवलं की कान फुटत नाहीत, असं ते सांगायचे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की लग्नाच्या वरातीत कुणी फटाक्याला काडी लावून “हटा, हटा” म्हणालं की नाना तिथंच पाठ करून, मान फिरवून, तोंड उघडून उभे. पोरं हसायची. गयाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, “नवरदेव बाजूला राह्यला, लोक ह्यांच्याच दाढा मोजून राह्यले.”

बार झाले की गुळाचा खडा तोंडात. सुरुंगाच्या दारूच्या धुरानं घसा कडू होतो, त्यावर गूळ. पुढं शुगर निघाली तेव्हा त्यांनी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली, फार निश्चयानं. गूळ चालू राहिला. मी म्हणालो, “नाना, गुळातही साखरच असते.” तर म्हणाले, “ती कारखान्याची. हा घरचा हाय.” डॉक्टरनं साखर बंद सांगितली होती, गुळाचं नाव घेतलं नव्हतं, आणि सांगितलं तेवढंच पाळायचं ही नानांची शिस्त.

लोक त्यांना निधड्या छातीचे म्हणायचे. ते खरं नव्हतं. एकदा आठ वाती लावल्या होत्या आणि आवाज सातच झाले. मालकाला घाई होती. तो म्हणाला, दोन एकदम उडाले असतील, उतरा खाली. नाना बांधावर बसून राहिले. मालकानं टोमणा मारला, “का रे लिंबाजी, भ्यालास?” नाना म्हणाले, “हो.” आणि त्या दिवशी कुणाला उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी घागरीनं पाणी सोडलं, मग एकटे उतरले. आठवा तोटा तसाच होता. वर आल्यावर टोळीला म्हणाले, “ज्याला भेव वाटत न्हाई त्याला माझ्या यारीवर काम न्हाई.”

एवढं जपणारा माणूस, पण डोळ्याच्या बाबतीत चुकला, आणि चुकला तो कामामुळंच.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा नुकताच जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कारकून लागलो होतो, सुट्टीला गावी यायचो. एका उन्हाळ्यात नानांना उजव्या डोळ्यापुढं काळे धागे दिसायला लागले. धागे तरंगायचे, डोळा फिरवला की फिरायचे. मग धूर. विहिरीतून वर आले तरी धूर दिसतोय. नानांना यात नवल वाटलं नाही. सगळा जन्म धुरात गेलेला. त्यांचा धुराबद्दलचा अनुभव एकच होता. त्याच्या मागं लागायचं नाही, बसून राहायचं. धूर आपोआप खाली बसतो. त्यांनी डोळा पाण्यानं धुतला आणि सावलीत बसले. आणि दुर्दैव असं, की धूर बसला. दोन-तीन आठवड्यांत डोळा बराचसा निवळला. मग काय, त्यांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीनं खरं झालं. पुढं तो परत आला तेव्हाही ते वाट बघत बसले. तिसऱ्या वेळी आला तो बसलाच नाही. उजव्या डोळ्यावर कांबळं टाकल्यासारखं झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गयाकाकूलाही नाही.

कळलं ते माझ्या बापाला, आणि ज्या पद्धतीनं कळलं ते सांगताना बापाचा आवाज पुढं कित्येक वर्षं बदलायचा.

त्या दिवशी नाना वाती पेटवायला उतरले. बाप वर यारीवर. खालून वातींचा वास यायला लागला, म्हणजे पेटवायला सुरुवात झाली होती. आता हिसका यायला पाहिजे. आला नाही. बापानं काठावरून वाकून पाहिलं. तळाशी वातींचा धूर साचत चाललेला, आणि त्या धुरात नाना गुडघ्यावर बसून हातानं दगड चाचपताहेत. पेटलेल्या वाती त्यांच्या मागं. हाक मारायची सोय नाही, कायदा त्यांचाच. बाप म्हणायचा, “माझ्या हातात यारीचा दांडा, अन् ओढू कुणाला? डोल खाली रिकामा.” किती वेळ गेला ते त्याला सांगता यायचं नाही. मग हिसका आला. बापानं ओढलं. नाना काठावर पाय टेकतात न टेकतात तोच पहिला बार झाला. त्या दिवशी आरोळी द्यायलाही वेळ मिळाला नाही.

बांधाआड पडल्या पडल्या नाना म्हणाले, “एक वात सापडना.” त्यांच्या बोटांवरचे केस जळाले होते.  सगळं शांत झाल्यावर बापानं मशीनचा पट्टा काढला, गुंडाळला आणि म्हणाला, “नाना, म्या आता तुला ओढणार न्हाई.” मग घरी येऊन जेवला नाही. मला जालन्याला निरोप धाडला, की तू शिकलेला हायेस, ये अन् ह्याला घेऊन जाय.

जालन्यातल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध टाकून बराच वेळ आत बघितलं. नंतर त्यांनी मला समजावलं आणि मी नानांना. शुगरमुळं डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त कमी पडतं. मग त्या पडद्यावर नव्या नसा उगवतात. त्या नसा कच्च्या असतात, फुटतात, आणि डोळ्यात रक्त सांडतं. नानांना जो धूर दिसत होता तो धूर नव्हता, रक्त होतं. उजव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन सुटला होता, तिथं आता काही होण्यासारखं नव्हतं. डाव्या डोळ्यात तशाच कच्च्या नसा आल्या होत्या, पण अजून फुटल्या नव्हत्या. औरंगाबादला जाऊन लेसर करून घ्या, जल्दी करा, म्हणाले. लेसरनं पडद्याच्या कडेकडेला डाग द्यायचे. कडेचा भाग मेला की रक्ताची मागणी कमी होते, कच्च्या नसा वाळतात, आणि मधली नजर वाचते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे दिसत्या डोळ्याला डाग?”

आमच्याकडं डाग म्हणजे काय ते नानांना माहीत होतं. लहानपणी पोट फुगलं म्हणून तापलेल्या विळ्यानं त्यांना डागलं होतं. बेंबीजवळ तीन वळ होते. गावात ही बातमी पसरली तेव्हा तिचा अर्थ एवढाच झाला, की फुटका डोळा सोडून डॉक्टर चांगला डोळा जाळणार. गयाकाकू मला म्हणाली, “बाबा, तू शिकला, चांगली गोष्ट हाय. पण तू न्हेशील अन् आंधळा करून आणशील, मंग त्यांना धरून कोण चालंल? तू तं जालन्याला.” ती चिडून बोलली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. निघायच्या दिवशी नानांच्या चपला सापडेनात. तिनं त्या भुशाच्या पोत्यात दडवल्या होत्या. नाना अनवाणी जीपमध्ये बसले. जीप सुटता सुटता ती चपला हातात घेऊन पळत आली आणि स्वतःही आत चढली.

 अंबडच्या पुढं गेल्यावर नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, “फसलं तं?”

मी म्हणालो, डॉक्टर मोठे आहेत. ते म्हणाले, “ते न्हाई इचारलं.”  पदवी घेतलेला माणूस म्हणून मला त्यांनी बरोबर घेतलं होतं, आणि भीती मलाही त्यांच्याइतकीच वाटत होती. बाप शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता.

लेसरची खोली अंधारी होती. टेबलावर यंत्र, त्याला हनुवटी टेकवायची पट्टी आणि कपाळाला एक पट्टा. डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक मॅडम, बोलायला मऊ. त्यांनी डोळा बधिर करायचे थेंब टाकले, डोळ्यावर एक जाड भिंग बसवलं. आम्हाला रंगीत चष्मे देऊन भिंतीशी उभं केलं. मला आधीच सांगितलं होतं, की हे नीट समजावा: पडद्याच्या मधोमध एक जागा आहे, माणसाचं तोंड ओळखायचं तिथून. चुकून डोळा हलला आणि डाग तिथं लागला, तर आपण जे वाचवायला बसलो तेच जाईल. मी हे नानांना शब्दाशब्दानं सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

मॅडमनी पायाशी बटण घेतलं आणि म्हणाल्या, “हुश्शार बाबा, आता मारते.”

नानांची मान फटकन फिरली. हनुवटी पट्टीवरून सुटली, भिंग गळून मांडीवर पडलं, आणि नाना भिंतीकडं तोंड करून, तोंड उघडं ठेवून बसले. मॅडमनी बटण दाबलं नव्हतं.  परत बसवलं. परत तेच. तिसऱ्यांदा नाना घामानं भिजले होते आणि म्हणत होते, “बाई, म्या हलत न्हाई वो. मानच जाती.”

मॅडमनी दिवा लावला. म्हणाल्या, असं जमणार नाही; डोळ्याच्या मागं सुई देऊन डोळा स्थिर करावा लागेल. डोळ्यामागं सुई म्हटल्यावर गयाकाकू खालीच बसली. नानांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. या माणसाला मी विहिरीच्या काठावर शेकडो वेळा पाहिलेलं, पण असं कधी नाही.

बोलला तो माझा बाप.  त्यानं मॅडमला नानांचं काम सांगितलं. वाती, डोल, आरोळी, बांध, सगळं. म्हणाला, “हुश्शार म्हनलं की तोंड फिरवायचं, ही आमची सवय हाय बाई. वात पेटवताना मातर हा हलत न्हाई. दगडासारखा असतो.”

मॅडमनी आपलं स्टूल नानांजवळ ओढलं. मग नानांना म्हणाल्या, “बाबा, मी काहीच सांगणार नाही. पेटवणारे तुम्ही. तुमची तयारी झाली की टेबलावर बोट वाजवा. तुम्ही वाजवलं तरच मी मारीन. नाही वाजवलं तर नाही मारणार.”

“बोलायचं न्हाई?”

“अजिबात नाही. बोललं की हनुवटी हलते.”

डोकं मागून धरायला कुणीतरी पाहिजे होतं. शिपाई पुढं आला, पण गयाकाकू उठली आणि तिनं नानांच्या डोक्याला दोन्ही तळहात लावले. चपला दडवणारी तीच.

दिवा गेला.  बराच वेळ बोट वाजलं नाही. मॅडमही घाई करत नव्हत्या. मग टेबलावर एक बारीक टक् झालं. हिरवा झोत चमकला, यंत्रानं चिक् केलं. मान हलली नाही. पुन्हा टक्. पुन्हा हिरवं. पुढं बोटाला लय आली. बटण आणि बोट एकमेकांना धरून चालायला लागले. नानांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं होतं की भेवाचं, मला कळलं नाही. बापानं माझं मनगट धरलं होतं. सुटल्यावर त्यावर बोटांचे वळ होते.

भिंग काढलं. नाना उठले आणि हळू आवाजात म्हणाले, “गया, अंधार झाला.”

मॅडम म्हणाल्या, झोतानं दिपतं, थोड्या वेळानं येईल नजर. त्या दुसऱ्या पेशंटकडं वळल्या. त्यांच्यासाठी ते रोजचं होतं. आम्ही चौघं बाहेर बाकावर बसलो. ते बसणं मला आजही नको वाटतं. नाना डावा डोळा उघडा ठेवून समोर बघत होते आणि समोर त्यांना काही नव्हतं. गयाकाकूनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. माझ्या मनात आलं, आपण गावात परत कसं जायचं. कुठं उतरायचं, कुणाला काय सांगायचं, हेही मी ठरवायला लागलो होतो.

मग नाना म्हणाले, “खिडकी हाय का तिकडं?” होती. थोड्या वेळानं म्हणाले, “शिपाई गेला.” गेला होता. मग त्यांनी मान वळवून गयाकाकूकडं बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाले, “लुगडं उलटं नेसून आलीस व्हय दवाखान्यात.” तिनं खाली बघितलं. खरंच उलटं होतं. घाईत जीपमागं पळताना तिला कळलं नव्हतं. ती रडायला लागली आणि रडता रडता त्यांना शिव्या देत राहिली.

तसं आणखी तीनदा जावं लागलं. प्रत्येक वेळी नाना तितकेच भ्यायले आणि प्रत्येक वेळी बोट वाजवलं. लेसरनं जे गेलं ते गेलं: कडेचं दिसेना, दिवेलागणीला अडखळायला व्हायचं. बाजूनं कुणी आलं की दचकायचे. लोक म्हणायचे, बघा, जाळलाच ना डोळा. नाना त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. गूळ सोडला, तो मात्र माझ्या सांगण्यानं नाही. मॅडमनी गुळाचं नाव घेऊन सांगितलं म्हणून. विहिरीवर परत गेले नाहीत. टोळीतल्या पोरांनी मुकादम म्हणून नुसतं काठावर तरी बसा म्हणून लई विनवलं. म्हणाले, “अर्ध्या नजरेनं दुसऱ्याचा जीव राखायचा नसतो गड्या.” बापानंही यारी सोडली आणि एका मालकाकडं सालानं राहिला. माझी माय त्यानंतर भाकरी न करपवता करायला लागली.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते कुंभार पिंपळगावच्या बाजारात. काही वर्षं मध्ये गेली होती. मेथीच्या ढिगापाशी उकिडवे बसून ते जुड्या निवडत होते. बाजूचं दिसत नसल्यानं सबंध डोकं फिरवून, आधी या टोकाला, मग त्या टोकाला बघत. एक जुडी डाव्या डोळ्याजवळ नेली, पानं उलटीपालटी केली, विकणारणीला म्हणाले, “कीड हाय मावशी, ही ठेव.” ती म्हणाली, “एका डोळ्यानं लई दिसतं तुला.” नाना हसले. मी लांब उभा होतो, मोटारसायकलीपाशी. त्यांनी डोकं फिरवता फिरवता मला गाठलं, हात वर केला आणि एवढ्या गर्दीत माझ्या नावानं हाक मारली.

त्यानंतर दोन पावसाळे ते होते. मग किडनीनं गेले. उजवा डोळा परत आला नाही. डावा शेवटपर्यंत राहिला. त्यात पुन्हा रक्त आलं नाही, आणि नानांना कुणी हात धरून चालवावं लागलं नाही.